गिरणेच्या वाळूत हिमस्खलनाचे धडे : दोन दिवसांच्या वर्गाचे परीक्षण

भुसावळहून दिल्लीची गाडी धरून डिसेंबर-जानेवारीत केदारकंठासारख्या हिवाळी ट्रेकला जाणारे तरुण जळगाव-धुळ्यात आता सहज भेटतात. जाड जॅकेट आणि बुटांची चौकशी सगळेच करतात. ज्या उतारावरून चालायचे त्याचा कोन किती, हे मात्र क्वचितच कोणी विचारते. मीही कधी विचारले नव्हते. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी द्रौपदी का डांडा शिखराजवळ उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेची प्रशिक्षणार्थींची तुकडी हिमस्खलनात सापडली आणि पंचवीसहून अधिक जण दगावले, तेव्हापासून हे अज्ञान मनाला टोचत होते. म्हणून जळगावजवळ गिरणेच्या कोरड्या पात्रात एका स्थानिक प्रशिक्षकाने मार्चमध्ये घेतलेल्या हिमस्खलन-सुरक्षेच्या वर्गाला मी गेलो.

पहिली सकाळ केवळ कोनावर खर्ची पडली, आणि माझ्या मते फी तिथेच वसूल झाली. कोरडी वाळू ओतली की तिचा ढीग साधारण ३४ अंशांवर स्थिरावतो आणि जास्तीची वाळू लगेच घरंगळते, हे आम्ही स्वतः करून पाहिले. बर्फाचे तसे नाही. त्याचे कण एकमेकांना धरून राहतात, त्यामुळे वरचा थर घट्ट आणि खालचा ठिसूळ असला तरी सगळे शांत दिसते; मग एखाद्या माणसाच्या वजनाने खालचा थर मोडतो आणि वरचा अख्खा पापुद्रा एकदम सुटतो. असे स्खलन बहुधा ३० ते ४५ अंशांच्या उतारावर होते. नदीकाठच्या दरडीचा कोन आम्ही आधी नजरेने सांगितला, मग क्लायनोमीटरने मोजला; माझा अंदाज आठ अंशांनी चुकला. आपण स्वतः सपाटीवर असलो तरी डोक्यावरचा उतार सुटून तिथवर येऊ शकतो, त्यामुळे तंबूची जागा ठरवताना वर पाहावे, हेही सरांनी पुन्हा पुन्हा बजावले.

दुपारी वाळूत पिशवीत बांधून पुरलेला बीकन, म्हणजे बर्फात गाडलेला माणूस सापडावा म्हणून प्रत्येकाने अंगावर बांधायचे यंत्र, शोधायचा होता. हे यंत्र ४५७ किलोहर्ट्झवर संदेश सोडते. शोधणाऱ्याने आपले यंत्र शोधस्थितीत आणून त्यावरच्या बाणाच्या दिशेने, अंतराचा आकडा कमी होत जाईल तसे सरकायचे, शेवटच्या तीन मीटरांत ते जमिनीलगत धरायचे, मग प्रोबची काठी उताराला काटकोनात खुपसायची आणि खोदकाम नेहमी खालच्या बाजूने सुरू करायचे. गाडला गेलेला माणूस वाचण्याची शक्यता पहिल्या १०-१५ मिनिटांनंतर झपाट्याने घटते. आमच्या गटाला पहिल्या खेपेस एकोणीस मिनिटे लागली, कारण एकाने खिशातला मोबाइल चालूच ठेवला होता आणि आकडे भरकटत राहिले. दुसऱ्या दिवशी तेच काम नऊ मिनिटांत झाले.

उणिवा आहेत, आणि त्या सांगितल्याच पाहिजेत. चौदा जणांत तीनच बीकन होते, म्हणून बराच वेळ पाळीची वाट पाहण्यात गेला. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, थांबलेल्या स्खलनाचा ढिगारा सिमेंटसारखा घट्ट बसतो. वाळूत फावडे जितक्या सहज जाते तितके तिथे जात नाही, आणि हा फरक पुरेशा ठासून सांगितला गेला नाही. बर्फातला ठिसूळ थर कसा ओळखावा, हे केवळ छायाचित्रांवर उरकले. पायाखाली ‘धप्प’ असा दबका आवाज येणे, पुढे भेगा पळणे, नुकताच जोराचा हिमवर्षाव किंवा वारा होऊन गेलेला असणे, या खुणांची उजळणी मात्र नीट झाली.

जेवणात भाकरी आणि शेवभाजी होती; त्याबद्दल तक्रार नाही.

हिवाळी ट्रेकला निघण्यापूर्वी अडीच हजार रुपयांचा हा वर्ग अवश्य करावा, असे मी म्हणेन. मात्र त्याच्या बळावर वाटाड्याशिवाय बर्फात शिरू नये. चंडीगडच्या डीजीआरई या संरक्षण संशोधन संस्थेचे हिमस्खलन-इशारे कसे वाचावेत, यासाठी प्रशिक्षकाने पुढच्या खेपेला आणखी एक तास द्यावा, अशी विनंती मी त्यांना निघतानाच केली आहे.