अपुरा पत्ता, वाटेत बदललेला पत्ता आणि परत गेलेले पैसे

पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीच्या कारागिरांकडून मी मठारकाम केलेली, म्हणजे हातोडीने ठोके देऊन घडवलेली, तांब्या-पितळेची भांडी घेते आणि स्वतःच्या संकेतस्थळावरून विकते. हा माल वाटेत फुटत नाही. पण तो महाग असतो आणि मोडीच्या भावातही त्याला लगेच गिऱ्हाईक मिळते, त्यामुळे लबाडांचे लक्ष त्याच्याकडे वळावे यात नवल नाही. गेल्या वर्षी एक घंगाळ, दोन पिंपे आणि काही तांबे असा ३४,५०० रुपयांचा माल माझ्याकडून गेला आणि त्याचे जमा झालेले पैसेही परत गेले. हे ज्या रीतीने घडवून आणले गेले ती रीत साड्या, पुस्तके, मसाले असे काहीही घरून विकणाऱ्याला लागू पडणारी आहे, म्हणून ती तपशिलाने लिहीत आहे.

मागणी नोंदवताना ग्राहकाने क्रेडिट कार्डाने पूर्ण रक्कम भरली होती. पत्ता बाणेरमधील एका मोठ्या गृहसंकुलाचा होता, पिनकोड ४११०४५ असा बरोबर होता, फ्लॅटचा क्रमांकही होता. फक्त विंग लिहिलेली नव्हती. एवढ्यावरून संशय घ्यायचा म्हटले, तर पुण्यात निम्म्या ग्राहकांवर घ्यावा लागेल. ‘मारुती मंदिरामागे’ आणि ‘जुन्या जकात नाक्यासमोर’ हे आपल्याकडे पत्त्याचे भागच समजले जातात, गणेशनगर या नावाच्या वस्त्या एकाहून अधिक आहेत, आणि कोथरूडमध्ये पुनर्विकासासाठी रिकाम्या केलेल्या इमारतींतील प्रामाणिक माणसेसुद्धा सवयीने जुना पत्ता देऊन मागाहून भाड्याच्या घराचा पत्ता कळवतात. तरीही मी फोन करून विंग विचारली. ‘मॅडम, आमच्याकडे डिलिव्हरीवाले गेटवरूनच फोन करतात, विंग लिहिली काय आणि न लिहिली काय, तुम्ही निर्धास्त पाठवा,’ असे अत्यंत अदबीने उत्तर मिळाले.

पार्सल बाणेरला पोहोचल्यावर कुरिअरच्या माणसाने ‘पत्ता अपूर्ण, ग्राहक फोन उचलत नाही’ असा शेरा मारून ते परत नेले. या टप्प्याला कुरिअरच्या व्यवहारात एनडीआर म्हणतात, म्हणजे माल न पोहोचल्याची नोंद. ही नोंद झाली की कुरिअरची यंत्रणा ग्राहकाच्या मोबाइलवर आपोआप एक लिंक पाठवते आणि त्या लिंकवरून ग्राहकाला पुढची तारीख, दुसरा फोन क्रमांक किंवा दुसरा पत्ता भरता येतो. मी वापरत असलेल्या सेवेत हा दुसरा पत्ता त्याच पिनकोडमधील असला, तर विक्रेत्याला काही विचारले जात नव्हते. माझ्या पडद्यावर ‘पुन्हा प्रयत्न’ एवढेच दिसत होते, आणि नंतर ‘४११०४५, पुणे, माल पोहोचला’ असे दिसले. बाणेर आणि बालेवाडी यांचा पिनकोड एकच असल्याने पार्सल गृहसंकुलात न जाता बालेवाडीच्या एका भाड्याच्या गाळ्यात उतरवले गेले आहे, हे त्या नोंदीवरून ओळखता येणे शक्यच नव्हते. विंग का लिहिलेली नव्हती, याचा उलगडा मला येथे होतो. पत्ता पूर्ण असता तर माल पहिल्याच फेरीत दारात गेला असता आणि ती लिंक आलीच नसती.

साधारण महिन्याभराने पेमेंट गेटवेकडून, म्हणजे ग्राहकाने कार्डाने भरलेले पैसे माझ्यापर्यंत पोहोचवणाऱ्या सेवेकडून, कळवण्यात आले की, कार्डधारकाने बँकेकडे ‘माल मिळाला नाही’ अशी तक्रार केली असून रक्कम रोखून ठेवली आहे आणि पुरावे ठरावीक मुदतीत सादर करावेत. यालाच चार्जबॅक म्हणतात. अनेक विक्रेत्यांची अशी समजूत असते की, ओटीपी टाकून झालेला व्यवहार उलटवता येत नाही. रिझर्व्ह बँकेने २००९ पासून ऑनलाइन कार्ड व्यवहारांना जादा पडताळणी सक्तीची केली आहे हे खरे. पण ओटीपीने सिद्ध होते ते एवढेच की पैसे कार्डधारकाच्या संमतीने गेले. माल कोणाच्या हातात पडला याच्याशी ओटीपीचा काही संबंध नाही, आणि म्हणूनच लबाड मनुष्य ‘व्यवहार मी केला नाही’ असे न म्हणता ‘वस्तू मिळाली नाही’ असे म्हणतो.

मी बिल, पावती आणि ट्रॅकिंगची नोंद पाठवली आणि कुरिअरकडून माल पोहोचवल्याचा पुरावा मागवला. त्यात एक छायाचित्र होते: अर्धवट वर केलेल्या शटरसमोर माझे खोके, त्यावर मी स्वतः चिकटवलेली ‘जड सामान’ अशी लाल पट्टी, बाजूला रंगाचे रिकामे डबे, आणि सहीच्या जागी बोटाने ओढलेली एक आडवी रेघ. खाली पोहोचवल्याचा पत्ता छापलेला होता आणि तो मागणीतील पत्त्याशी जुळत नव्हता. माझ्या बाजूचा म्हणून दाखल झालेला हा कागद प्रत्यक्षात समोरच्याची बाजू भक्कम करणारा निघाला. निर्णय कार्डधारकाच्या बाजूने लागला आणि रक्कम माझ्या पुढच्या जमेतून तक्रार हाताळण्याच्या शुल्कासह वळती झाली. कार्डधारक आणि गाळ्यात माल घेणारा मनुष्य एकच होता की दोघे मिळालेले होते, यावर तर्क करण्यात अर्थ नाही. बँकेला तो प्रश्नच पडत नाही.

मालविक्रीच्या १९३० च्या कायद्यातील कलम ३९ प्रमाणे, ग्राहकाकडे पाठवण्यासाठी माल वाहतूकदाराच्या ताब्यात दिला की तो प्रथमदर्शनी ग्राहकालाच दिला असे मानले जाते. हे कलम दाखवून माझ्या ओळखीच्या एका वकिलांनी मला धीर दिला. पण कार्डाच्या तक्रारी कार्ड कंपन्यांच्या नियमांनी चालतात आणि तेथे मागणीवरचा पत्ता व पोहोचवल्याचा पत्ता जुळतो की नाही याला मोठे महत्त्व असते. पोलीस ठाण्यात मी लेखी तक्रार दिली आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मध्ये फसवणुकीचा गुन्हा येतो, पूर्वी तो ४२० म्हणून सर्वांना ठाऊक होता. १९३० हा सायबर फसवणुकीसाठीचा मदत क्रमांक आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टल येथेही नोंद करावी. मात्र त्या यंत्रणेचा मुख्य भर लाटलेली रक्कम पुढे काढली जाण्याआधी रोखण्यावर असतो, आणि येथे पैसे बँकेच्याच मार्गाने परत गेलेले असतात, हे ध्यानात घेऊनच पुढे जावे. कुरिअरविरुद्ध दाद मागता येईल का, हा वेगळा भाग आहे. धंद्यासाठी सेवा घेणारा ग्राहक ठरत नाही असे सांगून सहसा वाटेला लावले जाते. स्वयंरोजगाराने केवळ उदरनिर्वाहासाठी वस्तू घेणाऱ्याला २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अपवाद आहे, सेवेचा उल्लेख मात्र त्या अपवादात नाही. तरीही जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला शुल्क लागत नाही. मी त्या वाटेने निघाले आहे.

विक्रीच्या पद्धतीत केलेले बदल आता सांगते. कुरिअरच्या पॅनेलवर ग्राहकाला परस्पर पत्ता बदलू देण्याची सोय सेटिंगमध्ये बंद करता येते, ती मी बंद केली आहे, आणि ‘विक्रेत्याच्या लेखी संमतीशिवाय पत्ता वा फोन बदलू नये’ असे ईमेलने कळवून त्याची पोच जपून ठेवली आहे. विंग, मजला किंवा घर क्रमांक नसेल तर माल बांधलाच जात नाही. फोनवर मिळालेले उत्तर चालत नाही, ते ग्राहकाने नोंदवलेल्या ईमेलवरून लेखी यावे लागते. पैसे भरल्यानंतर पत्ता बदलायचा असेल तर मागणी रद्द करून रक्कम परत केली जाते आणि नव्या पत्त्यावर नवी मागणी घेतली जाते. काही ग्राहक यावर चिडतात. पुनर्विकासात घर सोडलेल्या एका आजोबांनी मला फोनवर चांगलेच सुनावले, आणि त्यांचे म्हणणे त्यांच्या जागी बरोबरच होते. तरी हा नियम मी कोणासाठीही मोडत नाही, कारण पत्ता बदलल्याचा सगळा संवाद व्हॉट्सॲपवर असला तरी मूळ मागणीवर जुनाच पत्ता राहतो.

मोठ्या रकमेचा माल ओटीपी घेऊनच ताब्यात द्यावा अशी सोय मी निवडते. डाक विभागाने २०२५ मध्ये आणलेला दहा अक्षरी डिजिपिनही मी विचारू लागले आहे. तो सुमारे चार मीटर लांबीरुंदीच्या चौकोनापर्यंत जागा दाखवतो, त्यामुळे एकाच पिनकोडमधील गृहसंकुल आणि गाळा यांतला फरक त्यात लगेच उघडा पडतो. मजला मात्र त्यातून कळत नाही, तेव्हा पूर्ण पत्त्याऐवजी तो घेऊ नये.

ज्यांचे पार्सल आत्ता वाटेत आहे आणि ज्यांच्या पडद्यावर ‘पत्ता अपूर्ण’ हा शेरा उमटला आहे, त्यांनी पुन्हा प्रयत्न होण्याची वाट न पाहता त्याच दिवशी कुरिअरला फोन करून पुढचा पत्ता कोणता नोंदला आहे हे विचारावे. तो मागणीतील पत्त्यापेक्षा वेगळा असेल तर माल परत बोलवावा. घंगाळासारख्या जड वस्तूचे परतीचे भाडे सहज हजाराच्या घरात जाते, तरीही ते द्यावे आणि ग्राहकाला नवी मागणी नोंदवायला सांगावे.