पहिली फुलदाणी: व्हाइटफ्रायर्सची की मोनार्टची?

घरात एक फळी मोकळी आहे, खिडकीतून ऊन येतं, दर महिन्याला थोडे पौंड बाजूला पडतात. ब्रिटिश कलाकाच, म्हणजे हाताने घडवलेली शोभेची काच, जमवायला एवढं पुरतं. अडतं ते पहिल्या खरेदीपाशी. लंडनच्या हॅरो भागात राहणारे आपले मराठी लोक मला अनेकदा विचारतात, कारण चॅरिटी शॉपमध्ये एखादी जड, नारिंगी, खडबडीत फुलदाणी त्यांनी उचलून पाहिलेली असते आणि ती मनातून जात नाही. माझं उत्तर दोन नावांभोवती फिरतं: लंडनची व्हाइटफ्रायर्स आणि स्कॉटलंडमधली मोनार्ट. दोन्ही आता बनत नाहीत आणि दोन्हींवर कारागिराची सही नसते. बाकी मात्र त्यांच्यात फार फरक आहे.

व्हाइटफ्रायर्सपासून सुरुवात करू, कारण ती हॅरोकरांच्या अंगणातली. फ्लीट स्ट्रीटजवळचा हा जुना कारखाना १८३४ साली जेम्स पॉवेल यांनी घेतला. १९२३ साली तो हॅरोतल्या वील्डस्टोनला आला, तेव्हा जुन्या भट्टीतला विस्तव नेऊन नवी भट्टी पेटवली होती. १९८० साली तो बंद झाला. आज संग्राहक ज्यासाठी धडपडतात ते काम मात्र शेवटच्या काही वर्षांतलं आणि बरंचसं एकाच माणसाचं. डिझायनर जेफ्री बॅक्स्टर १९५४ साली इथे आले. १९६७ च्या फुलदाण्यांच्या मालिकेसाठी त्यांनी साच्यांच्या आत झाडाची साल, तारा, खिळ्यांची डोकी, विटा लावून पाहिल्या आणि त्यांचा पोत काचेवर उमटवला. सालीच्या पोताची उभी नळकांडी फुलदाणी त्यातली सगळ्यात साधी. 'ड्रंकन ब्रिकलेअर', म्हणजे दारू प्यायलेल्या गवंड्याने रचल्यासारखी सरकलेल्या विटांची, आणि गोल पोटाची 'बँजो' या सगळ्यात हव्याशा. ही नावं संग्राहकांनी दिलेली. कारखान्याच्या यादीत फक्त आकडे आहेत. मोठी ब्रिकलेअर ९६७२, धाकटी ९६७३, बँजो ९६८१.

नवख्याला व्हाइटफ्रायर्स सोपी जाते ती या आकड्यांमुळेच. तुमच्या हातात काय आहे, ते कोणत्या मापाचं आणि कोणत्या रंगांत निघालं, हे यादीशी ताडून ठरवता येतं. सुरुवातीचे रंग दालचिनी, नीळ आणि विलो नावाचा धुरकट करडा. १९६९ मध्ये भडक टँजरिन आणि किंगफिशर आले. किंगफिशर म्हणजे आपला खंड्या, आणि तो निळा खरंच त्याच्या पाठीचा आहे. रंग आत आणि त्यावर स्वच्छ काचेचा जाड थर, त्यामुळे खिडकीत ठेवली की सगळी फुलदाणी उजळते.

धोकाही इथेच आहे. लोकप्रिय आकारांच्या नकला निघाल्या आहेत. जुन्या वस्तूंच्या एका जत्रेत मी धाकटी ब्रिकलेअर घाईने घेतली. विकणाऱ्याने खात्री दिली आणि मी ती मान्य केली. नंतर हेडस्टोन मॅनरच्या संग्रहालयातल्या व्हाइटफ्रायर्सच्या वस्तूंसमोर उभा राहिलो आणि मन खट्टू झालं. माझ्या फुलदाणीच्या विटांच्या कडा वितळल्यासारख्या गुळगुळीत होत्या, तळाशी स्वच्छ काचेचा थर जवळपास नव्हताच. म्हणून सांगतो, ब्रिकलेअर किंवा बँजो पहिली घेऊ नका. त्यांच्या किमती शेकडो पौंडांत जातात आणि चूक महागात पडते. सालीच्या पोताची छोटी फुलदाणी काही दहा पौंडांच्या नोटांत मिळते. तिच्यावर हात बसवा.

मोनार्टचं तसं नाही, आणि मला ती जास्त जवळची आहे. पर्थमधला मॉन्क्रीफ कारखाना बॉयलरमधल्या पाण्याची पातळी दाखवणाऱ्या नळ्या आणि प्रयोगशाळेची काच बनवायचा. तिथे साल्वादोर इझार्ट हे बार्सिलोनाचे कारागीर १९२२ साली रुजू झाले. मालकाच्या पत्नी इझाबेल मॉन्क्रीफ यांना त्यांच्या हातची काच आवडली आणि १९२४ साली कलाकाच सुरू झाली. मॉन्क्रीफमधला 'मोन' आणि इझार्टमधला 'आर्ट' मिळून मोनार्ट. लंडनच्या लिबर्टी दुकानात ती विकली जायची.

इथे साच्याचा ठसा नाही. फुंकनळीवरचा तापलेला गोळा रंगीत काचेच्या भुकटीत लोळवायचा, रंग ओढून भोवरे काढायचे, वर स्वच्छ काच चढवायची. काहींत बुडबुडे असतात, काहींत सोनेरी चमकणारे कण. एकाच आकाराच्या दोन फुलदाण्या शेजारी ठेवल्या तरी त्यांचे भोवरे जुळत नाहीत. ऊन आरपार जाण्यापेक्षा ते पृष्ठभागावर पडलेलं तिला मानवतं. खिडकीपेक्षा दिव्याजवळची फळी बरी.

पण ओळख पटवायला वेळ द्यावा लागतो. कागदी लेबलावर आकाराचं अक्षर, मापाचा रोमन आकडा आणि रंगाचा क्रमांक असायचा. लेबल बहुधा गळून गेलेलं असतं. मग तळ पाहायचा: मधोमध घासून सपाट केलेली चकती आहे का. त्यात इझार्ट कुटुंबही विखुरलं. दुसऱ्या महायुद्धानंतर साल्वादोर दोन मुलांना घेऊन बाहेर पडले आणि त्यांची काच व्हासार्ट नावाने निघू लागली. ती फिकट, गुलाबी-आकाशी रंगांकडे झुकणारी असते आणि तळाशी अनेकदा नाव कोरलेलं असतं. थोरला मुलगा पॉल मॉन्क्रीफकडेच राहिला आणि मोनार्ट १९६१ पर्यंत बनत राहिली. पुढे व्हासार्टचंच स्ट्रॅथर्न झालं. तिच्या तळावर उडी मारणाऱ्या सॅमन माशाचा ठसा सापडतो. या दोन बहिणी मोनार्टपेक्षा बऱ्याच स्वस्त आहेत, आणि मोनार्ट म्हणून गळ्यात मारल्याही जातात. इंग्लंडमधल्या नेझिंगच्या ढगाळ फुलदाण्याही तशाच चालवल्या जातात.

माझ्या मते, वेळ कमी असेल आणि घेतलं ते नेमकं काय हे कळायला हवं असेल, तर व्हाइटफ्रायर्स. दुकानोदुकानी तळ उलटे करून पाहण्यात दुपार घालवायला आवडत असेल, तर मोनार्ट. पण आधी सहा महिने नुसती हाताळा, विकत घेऊ नका. दोन्ही झेपत नसतील तर मायकल हॅरिस यांनी १९७३ साली सुरू केलेल्या आयल ऑफ वाइट स्टुडिओचे छोटे नग पाहा. विशेषतः सोन्या-चांदीचा वर्ख लावलेली अ‍ॅझुरीन मालिका.

घेताना एक गोष्ट दोन्हींकडे सारखी करा. काठावरून नख फिरवा. व्हाइटफ्रायर्सच्या पोतात उडालेला टवका डोळ्याला दिसत नाही, नखाला लागतो. मोनार्टचा काठ कधी टवका लपवायला घासून खाली आणलेला असतो. मान आखूड आणि बेढब वाटली तर सोडून द्या. आत पांढरट साय दिसली आणि विकणारा म्हणाला की धुतली की जाईल, तर किंमत ती जाणार नाही असं धरूनच ठरवा.

पुण्या-नाशिकला न्यायची असेल तर सामानात टाकू नका. मोज्यांत, सुती ओढणीत गुंडाळून हातातल्या बॅगेत ठेवा. आणि मोनार्टचं लेबल नशिबाने शिल्लक असेल, तर ती पाण्यात बुडवू नका. आतून थोडं पाणी फिरवा, बाहेरून ओल्या फडक्याने पुसा, तळाला हात लावू नका.