सीएसईएस प्रॉब्लेम सेट: फुकट, पण कसून सराव

पुण्यात प्लेसमेंटचा हंगाम जवळ आला की कोडिंगच्या क्लासची चौकशी सुरू होते. फी भरण्याआधी सीएसईएस हा कोडिंगच्या सराव-प्रश्नांचा ऑनलाइन संच उघडा. फिनलंडच्या अँटी लाक्सोनेन यांनी रचलेला, विषयवार लावलेला, एक पैसाही न मागणारा.

पहिलाच प्रश्न बघा. संख्या सम असेल तर निम्मी करा, विषम असेल तर तिप्पट करून एक मिळवा, १ येईपर्यंत. पाच-सहा ओळींचं काम! पण सी प्लस प्लसमध्ये 'इंट' (पूर्णांक साठवायचा नेहमीचा प्रकार) घेतलात की फसलात: १,१३,३८३ पासून निघालं की मधली संख्या २४८ कोटींवर जाते आणि इंटमध्ये जेमतेम २१४ कोटी मावतात. 'लाँग लाँग' हा मोठ्या संख्यांचा प्रकार घ्या. सोप्या प्रश्नात इतकं शिकवणारी जागा विरळाच.

उणीव एकच, पण मोठी: उकल समजावून सांगितलेली नाही. उत्तर चुकलं की चाचणीचा इनपुट मात्र उघडून पाहता येतो. तो छोटा असेल तर कागदावर सोडवा, चूक सापडते. पायथॉन संथ चालते, म्हणून पायथॉनवाल्यांनी प्रोग्राम चालण्याची वेळमर्यादा सांभाळावी, बऱ्याच ठिकाणी ती एकच सेकंद आहे. 'सॉर्टिंग अँड सर्चिंग' (क्रम लावणं आणि शोधणं) हा विभाग पुरता झाल्याशिवाय डायनॅमिक प्रोग्रामिंगला (छोट्या उपप्रश्नांची उत्तरं साठवून मोठा प्रश्न सोडवण्याची पद्धत) हात लावू नका.