‘मर्डर, शी बेक्ड’ : बेकरीच्या मागच्या दाराशी सुरू होणारे पाच खून

खुनाची गोष्ट, पण आजीपासून दहा वर्षांच्या नातवापर्यंत सगळ्यांनी एकत्र बसून बघावी अशी. हे जमणं वाटतं त्याहून अवघड आहे. हॉलमार्क या अमेरिकी वाहिनीच्या हलक्याफुलक्या रहस्यपटांनी ते जमवलं, आणि त्यातलं सगळ्यात नीट भाजलेलं काम म्हणजे 2015 ते 2017 दरम्यान आलेले ‘मर्डर, शी बेक्ड’चे पाच टीव्ही-चित्रपट. नाव म्हणजे 1984 ते 1996 चाललेल्या ‘मर्डर, शी रोट’ या गाजलेल्या मालिकेवरचा श्लेष. मूळ कादंबऱ्या जोअॅन फ्लूक यांच्या.

हॅना स्वेन्सन ही मिनेसोटा राज्यातल्या लेक ईडन गावात ‘द कुकी जार’ नावाची बेकरी चालवते. पहिल्या चित्रपटात, ‘अ चॉकलेट चिप कुकी मिस्टरी’मध्ये, दूध पोचवणाऱ्या माणसाचा खून होतो आणि प्रेत सापडतं ते तिच्याच दुकानामागे. आता ती गप्प कशी बसेल? पाचही गोष्टींचं बळ या बेकरीत आहे. गावातला प्रत्येक जण कधी ना कधी त्या काउंटरशी येतो, कॉफी घेतो आणि बोलतो. हॅनाला कुणाच्या घरी जायचं असेल तर हातात कुकीजचा डबा पुरतो. कुणी दार लावून घेत नाही. पोलिसांना जे विचारून कळत नाही ते हिला न विचारता ऐकायला मिळतं. याच वाहिनीच्या ‘ऑरोरा टीगार्डन’मध्ये नायिका ग्रंथपाल आहे, ‘गराज सेल मिस्टरी’मध्ये जुन्या वस्तूंची पारखी. जिथे नायिकेचा व्यवसाय तपासाचं हत्यार होतो तिथे चित्रपट उभा राहतो. जिथे तो नुसता सजावटीला असतो तिथे अर्ध्या तासात कंटाळा येतो.

दुसरं बळ घरचं. हॅनाची आई डेलोरेस लेकीसाठी सतत स्थळं बघत असते. बार्बरा निव्हन यांनी ही आई इतकी अचूक केली आहे की मराठी घरात तिची ओळख करून द्यावी लागत नाही. नॉर्मन हा दंतवैद्य, माइक हा पोलीस अधिकारी, आणि दोघांमध्ये अडकलेली हॅना. बहीण अँड्रिया घरांच्या खरेदी-विक्रीचं काम करते, म्हणजे कुणाचं घर विकायला निघालंय हे तिला आधी कळतं. मेहुणा बिल पोलिसात. एका घरात माहितीचे एवढे झरे असल्यावर योगायोगांवर फार भार टाकावा लागत नाही. हॅनाचं काम करणाऱ्या अॅलिसन स्वीनी ‘डेज ऑफ अवर लाइव्ह्ज’ या मालिकेत 1993 पासून झळकलेल्या. रोजच्या मालिकेतला तो सराव इथे दिसतो. संवाद सहज येतात, चेहरा ताणलेला नसतो.

खून असूनही गोष्ट जड का होत नाही? मरणाऱ्याशी आपली फार जवळीक होऊ दिलेली नसते, रक्त जवळपास दिसत नाही आणि प्रेत सापडलं की कॅमेरा लगेच माणसांकडे वळतो. बांधणी जाहिरातींच्या हिशेबाची आहे. दोन तासांच्या वेळेत जाहिराती वजा जाता जेमतेम दीड तास उरतो, आणि प्रत्येक तुकड्याच्या शेवटी एक खुंटी मारलेली असते: दार ढकलल्याचा आवाज, नको तिथे सापडलेली चिठ्ठी, अचानक झालेली अटक. जाहिरातींशिवाय बघताना पडदा क्षणभर काळा होतो, ती हीच जागा. तिथे थांबून घरच्यांनी आपापला संशयित सांगावा, खेळ रंगतो.

खुनी ओळखायचा असेल तर पहिल्या वीस मिनिटांत भेटलेली माणसं लक्षात ठेवावीत. सगळ्यांदेखत मयताशी भांडलेला माणूस बहुधा निर्दोष असतो, आणि पहिली अटक चुकीची असते. ज्याला गोष्टीत फारसं काम नाही तरी वारंवार दिसतो, हसून मदत करतो, त्याच्याकडे नजर ठेवावी. काखेत कळसा आणि गावाला वळसा, हीच या प्रकारची मूळ चाल आहे. ‘कोलंबो’ या जुन्या अमेरिकी पोलीस-मालिकेच्या गोष्टींत खुनी आधीच दाखवतात आणि मजा तो सापडण्यात असते. इथे उलटं, म्हणून शेवट आधी वाचू नये.

पाचात सर्वांत सरस ‘अ पीच कॉब्लर मिस्टरी’. समोरच नवी बेकरी उघडते, गिऱ्हाईक तिकडे वळतं, मग तिथेच खून होतो आणि संशय सरळ हॅनावर येतो. धंद्यातली चुरस हा हेतू खरा वाटतो, त्यामुळे धाकधूक टिकते. ‘अ डेडली रेसिपी’ त्याखालोखाल. ‘अ प्लम पुडिंग मिस्टरी’ नाताळाच्या वातावरणासाठी बघावा, कोड्यासाठी नको. शेवटच्या ‘जस्ट डेझर्ट्स’ची पार्श्वभूमी मिष्टान्नांच्या स्पर्धेची आहे. कादंबऱ्यांचा क्रम चित्रपटांनी पाळलेला नाही. बघताना मात्र प्रदर्शनाचा क्रम धरावा, नाहीतर नॉर्मन-माइक प्रकरण उलटसुलट होतं.

आता दोष. जवळजवळ दरवेळी हॅना खुन्यासमोर एकटीच जाऊन उभी राहते. तोवर इतकी हुशारीने वागलेली बाई कुणाला न सांगता रात्री बंद जागेत शिरते, हे पहिल्यांदा खपतं, चौथ्यांदा नाही. पोलीस तपास गरजेपेक्षा ढिला ठेवलाय, म्हणजे हिची चमक वाढावी. पण त्यात माइकची किंमत कमी होते. खऱ्या बेकरीत पहाटेपासून पीठ, लोणी, भट्टी यांची धावपळ असते. इथे मालकीणबाई दिवसभर गावभर फिरतात आणि दुकान मदतनीस लिसाच्या जिवावर चालतं. लेक ईडन मिनेसोटातलं म्हणतात, चित्रीकरण मात्र कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात.

आणखी एक रुखरुख. फ्लूक यांच्या पुस्तकांत गोष्टीच्या मधेमधे पाककृती छापलेल्या असतात. पहिल्या पुस्तकातल्या चॉकलेट चिप कुकीजमध्ये चुरलेले कॉर्नफ्लेक्स घातले आहेत. वितळलेल्या लोण्याने कुकी मऊसर होते, कॉर्नफ्लेक्समुळे तिला कुरकुरीतपणा येतो. चित्रपटांत ट्रे भरभरून कुकीज दिसतात, पण हातचं असं एकही गुपित कळत नाही. त्यासाठी पुस्तकच उघडावं लागतं. करून बघणाऱ्यांनी कुकीज जाळीवर पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरू नयेत. कोमट असताना झाकण लावलं तर वाफेने सगळा कुरकुरीतपणा जातो, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात तर तासाभरात.

पाच संपल्यावर पुढचा भाग 2021 चा ‘स्वीट रिव्हेंज’. नायिका तीच, ‘मर्डर, शी बेक्ड’ हे शीर्षक मात्र तिथून सोडलंय, त्यामुळे शोधताना हॅना स्वेन्सन या नावाने शोधावं.