संगीतकार बाखचं 'सेंट मॅथ्यू पॅशन' (येशूच्या शेवटच्या दिवसांची गाण्यांतून सांगितलेली गोष्ट), बर्लिन फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्राची 2010 ची फिल्म

पीटर सेलर्सचं दिग्दर्शन, कंडक्टर सायमन रॅटल, सेट म्हणाल तर जवळपास नाहीच आणि तरीही भारी जमलंय! कोरसला सगळं तोंडपाठ, हातात नोटेशन नाही, त्यामुळे ते नुसते उभे न राहता जमाव होऊन अंगावर येतात, आणि निवेदकाची भूमिका गाणारा मार्क पॅडमोर गोष्ट सांगता सांगता स्वतःच भोगतोय असं वाटतं. येशूचा शिष्य पीटर येशूला ओळखतच नाही म्हणतो त्यानंतरचं 'एर्बार्मे डिच' हे गाणं, गायिका कोझेनाचा आवाज आणि ते व्हायोलिन, काय सांगू, दोनदा रिवाइंड केलं. हातवारे मात्र कधीकधी अती होतात बाबा. तीन तासांच्या वर आहे, एका बैठकीत बघायचा हट्ट नको, पहिला भाग संपला की चहा घ्या. सबटायटल्स लावाच, जर्मन येत नसेल तर निम्मी मजा जाईल.