गल्लीचं वायफाय: ग्वाल्हेरात काय जमेल, काय नाही

चार घरांनी मिळून वायरलेस जाळं उभारायची गोष्ट निघाली की कुणीतरी धरमशालेचं नाव काढतंच. हिमाचलातल्या त्या गावात एअरजल्दी या संस्थेने २००५ साली डोंगरउतारावर जाळं उभं केलं. वायफायच्या लहरींचा २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा परवानामुक्त झाला तोही त्याच वर्षी. फर्मवेअर, म्हणजे आतलं सॉफ्टवेअर, बदललेले साधे राउटर आणि एकमेकांना दिसणाऱ्या उंच जागा, एवढ्यावर काम भागलं. वर एक खांब रोवला की खालची वस्ती आपसूक टप्प्यात येते.

आपल्याकडेही डोंगर आहे, पण नेमका मध्ये. किल्ल्याच्या टेकडीच्या एका अंगाला लष्कर नावाचा शहराचा भाग, दुसऱ्या अंगाला जुनं ग्वाल्हेर आणि हजीरा. वर खांब लावायचा म्हटलं तर किल्ला पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात. तेव्हा लष्करातून हजीऱ्याला थेट दुवा हे विसरा. दोन्हीकडे वेगवेगळं फायबर घ्या आणि व्हीपीएनने, म्हणजे इंटरनेटवरूनच काढलेल्या खाजगी वाटेने, जोडा.

एकाच बाजूला राहायचं असेल तर मेश (घरोघरचे राउटर एकमेकांना सिग्नल पुढे देतात ते जाळं) की डिश (दोनच जागांना जोडणारा अँटेना)? गच्च्या एकमेकींना लागून असलेल्या जुन्या वाड्यांना मेश बरं. एक राउटर बंद पडला तरी वाट दुसरीकडून निघते. मात्र एकाच रेडिओचा राउटर घेतलात तर दर टप्प्याला वेग जवळजवळ निम्मा होतो आणि चौथ्या घरातले काका रोज तक्रार घेऊन येतात. दोन रेडिओंचे घ्या, पैसे तिथंच घाला. दगडी भिंतींतून ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल जेमतेम जातो, म्हणून राउटर गच्चीवर आणि खाली केबल.

दूरच्या दोन गच्च्यांसाठी समोरासमोर डिश. ५ गिगाहर्ट्झचा बराच मोठा पट्टा २०१८पासून घराबाहेरही परवानामुक्त आहे. पण समोरची गच्ची दिसते म्हणजे झालं, असं नाही. दोन किलोमीटरच्या दुव्याला मधोमध सरळ रेषेच्या चहूबाजूंनी सुमारे ५ मीटर जागा लागते, त्यातली निदान साठ टक्के मोकळी हवी. मध्ये कुणी एक मजला चढवला की संपलं. मे-जूनच्या आंधीत डिश बोटभर फिरते नि सिग्नल पडतो. म्हणून दिशा जुळली की खांबावर आणि क्लॅम्पवर मिळून रंगाची एक रेघ ओढा. पुढच्या वेळी रेघेला रेघ जुळवायची.

आता खरी अडचण. एकाचं घरगुती कनेक्शन घेऊन शेजाऱ्यांकडून दरमहा पैसे गोळा करणं म्हणजे इंटरनेट विकणं, आणि त्याला परवाना लागतो. गल्लीत फायबर आलेलंच असेल आणि दुखणं फक्त बिलाचं असेल, तर माझं मत स्पष्ट आहे: बांधू नका, पीएम-वाणी या सरकारी सार्वजनिक वायफाय योजनेत शिरा. डिसेंबर २०२०मध्ये मंजूर झालेल्या या योजनेत कोपऱ्यावरचा किराणावालाही वायफाय विकू शकतो. त्याला परवाना नको, नोंदणीही नको. फक्त नोंदणीकृत ॲग्रीगेटरशी, म्हणजे अशा अनेक दुकानांना एकत्र सांभाळणाऱ्या कंपनीशी, जोडून घ्यावं लागतं. रोजचा हिशेब आणि लॉगिनची कटकट तो ॲग्रीगेटरच पाहतो.

स्वतःचं जाळं तिथंच परवडतं, जिथं केबल पोचतच नाही किंवा घराघरांत आपापसातच काही चालवायचंय: कॅमेरे, मंडळाच्या गणपतीची आरती, जुन्या रेकॉर्डिंगचा साठा. तेही गल्लीत निदान दोघांना केबलचं क्रिम्पिंग (टोकाला कनेक्टर बसवणं) येत असेल आणि राउटरचा पासवर्ड दोघांकडे असेल तरच. एकट्याच्या भरवशावर असेल तर तो पुण्याला नोकरीला गेला की सगळं बंद.