मूळ मालिकेच्या नायकालाच फितूर ठरवणारा ‘मिशन: इम्पॉसिबल’

ब्रायन डी पाल्मा यांचा १९९६ सालचा ‘मिशन: इम्पॉसिबल’ गेल्या पावसाळ्यात फोंड्याच्या घरी पुन्हा पाहिला, आणि पहिल्या वेळी टॉम क्रूझच्या धावपळीने दिपून गेल्यामुळे नजरेतून निसटलेली गोष्ट या वेळी स्पष्ट दिसली: ज्या मालिकेचे नाव हा चित्रपट लावतो, तिचा गाभाच तो आरंभी मोडीत काढतो. (पुढे रहस्य उघड केले आहे, चित्रपट न पाहिलेल्यांनी येथेच थांबावे.)

ब्रूस गेलर यांची मूळ मालिका सीबीएस वाहिनीवर १९६६ ते १९७३ या काळात चालली आणि तिचे १७१ भाग झाले. गुप्तहेरांच्या पथकाच्या या मालिकेत एकट्याच्या पराक्रमाला फारसे स्थान नव्हते. वेशांतर करणारा, यंत्रे हाताळणारा, अंगमेहनतीची कामे करणारा असे सगळे आपापला वाटा चोख उचलत, आणि दुसऱ्या वर्षापासून जिम फेल्प्स त्यांचा म्होरक्या होता. चित्रपटात प्रागमधील कामगिरीत या पथकाची वाताहत होते आणि शेवटी फितूर निघतो तो हाच फेल्प्स. मालिकेतील फेल्प्स, म्हणजे पीटर ग्रेव्हज, यांनी ही भूमिका नाकारली आणि ती जॉन व्हॉइट यांच्याकडे गेली. ग्रेव्हज यांचे मला पूर्णपणे पटते. आमच्याकडे जत्रेच्या नाटकात कोणी विदुरालाच शकुनीचा हस्तक ठरवले, तर पहाटेपर्यंत बसणारे प्रेक्षक मध्यरात्रीच चटया गुंडाळतील.

तरीही लँग्ली येथील सीआयएच्या मुख्यालयातील चोरीचा प्रसंग मालिकेशी पूर्ण इमान राखतो. आवाज, तापमान आणि जमिनीवरचा भार या तिन्हींची नोंद घेणाऱ्या खोलीत ईथन (टॉम क्रूझ) दोराने उतरतो, त्याच्या साथीदारांपैकी क्रीगर वर दोर सांभाळतो, ल्यूथर बाहेर संगणकापाशी बसतो आणि क्लेअर तेथील कर्मचाऱ्याच्या कॉफीत औषध टाकते. चौघांपैकी एक चुकला तर सगळेच बुडणार. डी पाल्मा यांनी येथे पार्श्वसंगीत वापरलेलेच नाही. दुर्दैवाने त्या रात्री कौलांवर पावसाने असा ताशा धरला होता की ती शांतता ऐकूच आली नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी पाऊस ओसरल्यावर तेवढाच भाग पुन्हा लावला, आणि चष्म्यावरून ओघळणारा घामाचा थेंब ईथन तळव्यावर झेलतो तेव्हा घरातील सर्वांचा श्वास अडकला.

इंग्लंड-फ्रान्स बोगद्यात आगगाडीमागे ओढल्या जाणाऱ्या हेलिकॉप्टरचा शेवट मात्र नुसता दणदणाट आहे. लालो शिफ्रिन यांची मूळ धून तेथे गाजते, एवढाच त्याचा लाभ. तबला शिकणाऱ्या माझ्या पुतण्याने ती झपतालात बसवून पाहिली. मात्रा दहाच भरल्या, पण झपतालाचे विभाग दोन-तीन-दोन-तीन आणि हिचे तीन-तीन-दोन-दोन, त्यामुळे बिचारा प्रत्येक आवर्तनात दुसऱ्या विभागापाशीच अडखळत राहिला.